विसर्जन की जतन? अ‍ॅनिमे फिगरच्या खरेदी-विक्रीचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने खेळण्यांच्या बाजारावर काय बोलावं, असं आपल्यापैकी काहींना वाटलं असेल. पण किंमत कशातून येते, खरं कशाला म्हणायचं आणि माणूस वस्तू का जपून ठेवतो, हे तिन्ही प्रश्न तत्त्वज्ञानाचेच आहेत. ते पुस्तकात सापडतात त्यापेक्षा बाजारात लवकर सापडतात, असं आम्हाला आता वाटू लागलं आहे.

आधी विषय नीट मांडू. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी चलच्चित्रं, कार्टून म्हणा हवं तर. त्यातल्या पात्रांच्या वीतभर उंचीच्या, रंगवलेल्या प्लास्टिकच्या मूर्ती निघतात. त्यांना फिगर म्हणतात. हातपाय हलवता येत असतील तर ॲक्शन फिगर. आपल्या साक्री, पिंपळनेर, निजामपूरकडची मुलंसुद्धा आता मोबाइलवर त्या बघतात, पैसे साठवून मागवतात, काही दिवसांनी एकमेकांना विकतात. घरातली मोठी माणसं विचारतात, "हाई काय शे? कितलाले लिधं?" आकडा ऐकला की घरात शांतता पसरते. जपानमध्ये चांगल्या प्रतीची एक मूर्ती आज सहज पंधरा हजार येनांच्या पुढे जाते. आपल्या पैशात आठ-नऊ हजार रुपये, वाहतूक आणि कर वेगळेच. एवढ्या पैशांत शेतातली केवढी कामं होतात, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तेव्हा बापाचा प्रश्न खोटा नाही. पण पोरगा वेडा आहे असंही लगेच ठरवता येत नाही. या दोघांच्या मधे जो इतिहास आहे, तो आज पाहू.

सुरुवात आपल्या अंगणातूनच करू. पोळ्याच्या आदल्या दिवसांत बाजारात कुंभार मातीचे बैल घेऊन बसतो. ज्याच्या दावणीला बैल नाही, तोही जोडी विकत घेतो, पूजा करतो, नैवेद्य दाखवतो. नंतर ते बैल पोरांच्या हाती जातात, शिंगं मोडतात, माती मातीत मिळते. भाद्रपदाच्या पौर्णिमेला घरोघरी गुलाबाई बसते. मातीची गुलाबाई, शेजारी गुलोजी. मुली महिनाभर गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखायला लावतात आणि कोजागिरीला तिला पाण्यात सोडतात. म्हणजे मूर्ती विकत घेणं, तिच्यात जीव गुंतवणं, तिच्याभोवती गोष्ट रचणं, हे खानदेशाला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. फरक एवढाच की आपल्या मूर्तीला परत जायचं असतं. ती गेली म्हणून पुढच्या वर्षी कुंभाराकडे पुन्हा जावं लागतं. त्याचा धंदा विसर्जनावर उभा आहे.

जपानातही ही रीत आहे. तिथे ३ मार्चला मुलींचा बाहुल्यांचा सण असतो. काही गावांत त्या दिवशी कागदाच्या बाहुल्या नदीत सोडतात. घरातली इडापिडा त्यांच्याबरोबर वाहून जावी, ही भावना. त्याच सणात रेशमी वस्त्रांतल्या राजा-राणीच्या बाहुल्या पायऱ्यांच्या मांडणीवर बसवतात आणि सण संपला की काळजीने पेटीत ठेवून देतात. एकाच सणात एक बाहुली पाण्यात जाते आणि दुसरी पेटीत जाते. आजची अ‍ॅनिमे फिगर ही त्या पेटीतल्या बाहुलीच्या वंशातली समजा.

पेटीत ठेवायची मूर्ती आपल्याकडे नाही का? आहे. देवघरातले टाक पाहा. चांदीच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उठवलेले कुलदैवतांचे टाक पिढ्यानपिढ्या पुजले जातात. बोटं फिरून फिरून देवाचा चेहरा झिजतो. मग कधी नवे टाक करायची वेळ येते, आणि जुने सोनाराकडे दिले तर तो ते तराजूत टाकतो. त्याच्या लेखी ती मोड. इतके ग्रॅम, इतका भाव. घरात ज्याला हात लावताना आपण पाय धुऊन येत होतो, त्याची दुकानात वजनावर किंमत होते. यात सोनाराची चूक नाही. एकाच वस्तूच्या दोन किमती असतात, एक द्रव्याची आणि एक ओळखीची. ओळख सांगणारा माणूस गेला की वस्तू वजनावर येते.

हे ज्यांनी फार लवकर ओळखलं त्यांचं नाव दिनकर केळकर. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारा हा माणूस १९२०च्या सुमारापासून गावोगाव हिंडून लोक अडगळीत टाकत होते त्या वस्तू विकत घेत राहिला. दिवे, अडकित्ते, दौती, बाहुल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी पुण्यात 'राजा केळकर संग्रहालय' उभं केलं आणि १९७५मध्ये तो सगळा ठेवा राज्य सरकारच्या हवाली केला. लोक मोडीत काढत होते म्हणून केळकरांना त्या वस्तू मिळाल्या, आणि बहुतेकांनी मोडीत काढल्या म्हणूनच उरलेल्यांना आज मोल आहे. हे वाक्य लक्षात ठेवा. संग्रहाच्या प्रत्येक बाजाराची ही किल्ली आहे.

आता जपानकडे वळू. त्या देशाशी खानदेशाचं नातं पोरांच्या मोबाइलपेक्षा कितीतरी जुनं आहे, आणि ते कापसाचं आहे. १८९३मध्ये मुंबई ते कोबे अशी जपानी जहाजांची नियमित फेरी सुरू झाली, ती मुख्यतः आपल्याकडच्या कापसासाठी. खानदेशासारख्या भागातला आखूड धाग्याचा कापूस मुंबईहून जपानच्या गिरण्यांत जाई आणि तिकडून स्वस्त कापड येई. १९३३मध्ये इथल्या इंग्रज सरकारने ब्रिटनबाहेरच्या कापडावर पंचाहत्तर टक्के जकात बसवली, तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. पुढच्या वर्षी करार झाला. तुम्ही आमचा एवढा कापूस घ्या, मग आम्ही तुमचं एवढं कापड घेऊ. त्या काळात कापडाबरोबर जपानी खेळणीही येत. पत्र्याच्या चावीच्या गाड्या, सेल्युलॉइडच्या बाहुल्या. आमच्या आधीच्या पिढीच्या तोंडी 'जपानी माल' हा शब्द स्वस्त आणि तकलादू या अर्थाने असायचा. आज तोच शब्द अस्सलपणाची खूण झाला आहे. नावाची पत अशी दोन-तीन पिढ्यांत उलटीपालटी होते.

मधे काय घडलं? १९६४मध्ये अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' नावाचा सुमारे एक फूट उंचीचा सैनिक बाजारात आणला. होती ती बाहुलीच. कपडे बदलता येणारी, सांधे हलणारी. पण मुलगे बाहुली घेणार नाहीत या भीतीने कंपनीने तिला बाहुली म्हणायचंच नाही असं ठरवलं आणि 'ॲक्शन फिगर' हा शब्द घडवला. पुढे जपानच्या ताकारा कंपनीने त्याच धर्तीवर खेळणी काढली. १९७२मध्ये त्या सैनिकाच्या शरीरावरून तिने पारदर्शक अंगाचा एक यंत्रमानव बनवला आणि १९७४मध्ये दहा सेंटिमीटरचे 'मायक्रोमॅन' आणले. त्याच घराण्यातून पुढे रूप बदलणारे यंत्रमानव निघाले. ते हॅस्ब्रोनेच अमेरिकेत नेले आणि १९८४मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने विकले. मूर्तीचा हा प्रवास समुद्र ओलांडून गेला आणि वेगळ्या रूपात परत आला.

जपानात दुसरीही गोष्ट घडली. तिथे खेळणं आणि चित्रमालिका यांची गाठ घट्ट बसली. 'माझिंगर झेड' या मालिकेतला यंत्रमानव १९७४मध्ये जड धातूच्या खेळण्याच्या रूपात आला आणि तुफान खपला. १९७९मध्ये 'गंडाम' ही मालिका आली. पहिल्या खेपेला प्रेक्षक कमी, म्हणून ती ठरल्यापेक्षा लवकर आटोपली. पण १९८०मध्ये तिच्यातल्या यंत्रांचे जोडणीचे संच तीनशे येनांना निघाले आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. मालिका संपली तरी वस्तूने गोष्ट जिवंत ठेवली.

आणि मग बाजार कंपन्यांच्या हातून निसटून हौशी लोकांकडे आला. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून जपानात 'वंडर फेस्टिव्हल' नावाची जत्रा भरते. घरी, गॅरेजमध्ये, हाताने मूर्ती घडवणारे लोक तिथे आपलं काम विकतात. पात्र दुसऱ्याच्या मालकीचं, मग यांना विकायची परवानगी कशी? तिथे एक सुंदर तोडगा निघाला. हक्कदार कंपनी फक्त त्या एका दिवसापुरती, त्या जत्रेपुरती परवानगी देते. सूर्य मावळला की परवानगी संपली. एका दिवसाची मूर्ती! आम्हाला यात आपल्या गुलाबाईची आठवण होते. फरक असा की गुलाबाई पाण्यात जाते, आणि त्या दिवशी विकलेली मूर्ती कपाटात जाते आणि पुन्हा निघणार नाही म्हणून महाग होते.

आपल्या देशात काय चाललं होतं? स्वातंत्र्यानंतर परदेशी खेळणी आणणं अवघड होतं. १९८७मध्ये एमआरएफने हॅस्ब्रोच्या सहकार्याने 'फनस्कूल' ही कंपनी काढली. तिचा कारखाना आपल्या शेजारच्या गोव्यात. तोच 'जी. आय. जो' आता बोटाएवढा होऊन भारतीय कारखान्यातून निघू लागला. साचे परदेशी, पण रंग बरेचदा इथले. एखाद्या सैनिकाचा सदरा अमेरिकेत हिरवा तर इथे भलत्याच रंगाचा. मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीच्या 'लिओ' या नावाखाली 'ही-मॅन'ही आला. आपल्या मुलांनी ते खेळले, मातीत पुरले, हात मोडले, खोकी फाडून चुलीत घातली. खेळण्याचं जे व्हायला हवं तेच झालं. आज परदेशातले संग्राहक हेच भारतीय रंगाचे सैनिक शोधत फिरतात, आणि सीलबंद असेल तर मूळ किमतीच्या कित्येक पट देतात. केळकरांची किल्ली इथेही लागते. लाखो मुलं मनसोक्त खेळली, म्हणून न खेळलेला एक नग मौल्यवान झाला.

अ‍ॅनिमे मात्र आपल्याकडे खेळण्याच्या आधी गोष्ट म्हणून आलं, आणि आलं तेव्हा ते जपानी आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्या मोगलीसाठी रस्ते ओस पडायचे, ती मालिका जपानमध्ये बनलेली होती. युगो साको या जपानी दिग्दर्शकाने राम मोहन यांच्या साथीने रामकथेवर चलच्चित्रपट केला. तो तयार झाला १९९२च्या सुमारास, पण आपल्या चित्रपटगृहांत तो सर्वदूर पोचायला २०२५चा जानेवारी उजाडला. नंतर वाहिन्यांवर डोरेमॉन, ड्रॅगन बॉल आले, आणि आता मोबाइलवर सगळंच आलं. २०२५च्या सप्टेंबरात 'डेमन स्लेयर'चा चित्रपट आपल्याकडे लागला तेव्हा तरुणांनी चित्रपटगृहं भरून टाकली. गोष्ट मनात बसली की तिची मूर्ती हवीशी वाटते. गुलाबाईची गाणी आधी येतात, मग मूर्ती बसते. तसंच हे.

पण मूर्ती मिळवायची कुठून? २००१च्या एप्रिलपासून आयातीवरची संख्येची बंधनं उठली आणि चिनी खेळण्यांचा पूर आला. पुढे धोरण पुन्हा फिरलं. २०२०मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क वीस टक्क्यांवरून साठ झालं, २०२३मध्ये सत्तर. २०२१च्या १ जानेवारीपासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं. आणि जपानी फिगरच्या खोक्यावर मात्र छापलेलं असतं, वय वर्षं पंधराच्या पुढे. म्हणजे बनवणाराच सांगतो, हे लहान मुलांचं खेळणं नव्हे!

मग ते आहे तरी काय? हा प्रश्न थेट न्यायालयात गेला होता. अमेरिकेत बाहुलीवर जकात बारा टक्के होती आणि इतर खेळण्यांवर सात टक्क्यांहून कमी. बाहुली म्हणजे माणसाची प्रतिमा, अशी व्याख्या. 'एक्स-मेन'च्या मूर्ती विकणाऱ्या कंपनीने दावा केला की आमची पात्रं माणसं नाहीतच, म्हणून जकात कमी लावा. २००३मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं. गंमत पाहा. त्या कथांमध्ये ही पात्रं आयुष्यभर सांगत असतात की आम्हालाही माणूस समजा, आणि मालक जकातीसाठी सांगतो की ती माणसं नाहीत. वस्तूची ओळख बाजाराच्या सोयीने कशी बदलते, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला वर्गातही कधी सापडलं नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येऊ. अस्सल फिगर महाग, म्हणून नकली माल येतो. तेच पात्र, तसंच खोकं, किंमत पाव. वर्षभर पैसे साठवलेल्या पोराच्या हाती अशी नक्कल पडते. तोंडावरचा रंग पसरलेला, डोळे वेगळ्या रेषेत, उघडल्याबरोबर उग्र वास. तो बिचारा घरी सांगतही नाही, कारण घरचे म्हणणार, प्लास्टिक ते प्लास्टिक, खरं काय नि खोटं काय!

द्रव्याच्या बाबतीत घरचे बरोबर आहेत. अस्सल फिगरमध्येही प्रामुख्याने पीव्हीसीच असतं. जळगावात १९८०मध्ये जैन समूहाने ज्याचे पाइप बनवायला घेतले आणि जे खानदेशाच्या शेताशेतात गेले, तेच हे पीव्हीसी. पाइपात ते कडक असतं. मूर्तीत नाजूक घडी उमटावी म्हणून त्यात मऊ करणारं द्रव्य मिसळतात. उन्हात, बंद खोक्यात ते द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि मूर्ती चिकट होते. आपल्याकडचा उन्हाळा पाहता, ज्यांनी फिगर घेतल्या आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि अस्सल जपानी म्हणून आपण जी घेतो, तीही पुष्कळदा चीनमधल्या कारखान्यात ओतलेली असते. मग अस्सलपणा राहतो कुठे?

इथे दोन प्रकारचे खरेपण वेगळे करावे लागतात. पोळ्याच्या बैलाची नक्कल कधी कुणी केल्याचं ऐकलंय? शक्यच नाही. तो साक्रीच्या कुंभाराने केला काय, दहिवेलच्या केला काय, किंवा घरच्या पोराने चिखलाचा वळला काय, पूजा केली की तो खरा. त्याचं खरेपण पुढून येतं, आपण त्याच्याशी जे करतो त्यातून. फिगरचं खरेपण मागून येतं. कुणी रेखाटली, कुणी परवानगी दिली, कुणी घडवली, कुणाकडून कुणाकडे आली, या साखळीतून. साखळीतली एक कडी खोटी निघाली की मूर्ती वजनावर येते, सोनाराकडच्या टाकासारखी. म्हणून फिगरचा बाजार हा मुळात वस्तूंचा बाजार नाहीच, साक्षीचा बाजार आहे. जपानातल्या जुन्या फिगरच्या दुकानांत खोक्याचा कोपरा दबला असेल तर तेही चिठ्ठीवर लिहून ठेवतात. ते दुकानदार दाबलेला कोपरा विकत नसतात, स्वतःचा शब्द विकत असतात.

तेव्हा इथल्या तरुणांना आमचं सांगणं एवढंच. घेताना कुठून आली ते विचारा, पावती जपा. विकताना सांधा सैल असेल, रंग दुरुस्त केला असेल, तर न विचारताही सांगा. नकली आहे हे ठाऊक असून गप्प राहून विकलीत, तर फसतो तो आपल्याच तालुक्यातला, आपल्यासारखाच पैसे साठवणारा पोरगा. आपला बाप बाजार समितीत कांदा नेतो तेव्हा वजनात मारलं की आपल्याला जी चीड येते, ती इथेही यायला हवी.

आणि आमच्या वयाच्या मंडळींना सांगणं थोडं वेगळं आहे. "कितलाले लिधं?" हा प्रश्न जरूर विचारा. पण त्याआधी "हाई कोण शे?" असं विचारा. पोरगा गोष्ट सांगू लागेल. ती गोष्ट ऐकल्यावर किंमत पटेलच असं नाही, पण ती कशाची आहे हे तरी कळेल.

शेवटचा एक मुद्दा, जो आम्हाला अधिक टोचतो. एका जपानी मूर्तीच्या तळाशी घडवणाऱ्या कंपनीचं नाव असतं, खोक्यावर पुष्कळदा मूर्तिकाराचंही असतं. शंभर वर्षांपूर्वीचा खानदेशातला पोळ्याचा बैल कसा दिसायचा, वशिंड केवढं काढायचे, शिंगांना कोणता रंग द्यायचे, हे दाखवायला आपल्या घरांत काय उरलं आहे? आपण सगळे बैल मातीला परत दिले. ते योग्यच होतं, त्यांचा धर्मच तो. पण त्याबरोबर कुंभाराचं नावही वाहून गेलं. बैलाला विसर्जन हवं होतं, हाताला नको होतं.

म्हणून येत्या पोळ्याला बैलांची एक जोडी जास्त घ्या. एक नेहमीप्रमाणे मातीला जाऊ द्या. दुसरी ठेवा, आणि तिच्या पोटाखाली चिठ्ठी लावा. घडवणाऱ्याचं नाव, गाव, वर्ष आणि दिलेली किंमत. घरात फिगरचं कपाट असेल, तर त्यातच एक कोपरा द्या. वस्तू कशी जपायची हे तुमच्या पोराला आमच्यापेक्षा जास्त कळतं, ते काम त्यालाच सांगा.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न विचारा. मागच्या बाकांवरच्या मंडळींना आधी विचारू द्या, या विषयात ती आमच्यापेक्षा पुढे आहेत.